हॅरी पॉटरच्या स्टुडिओत घरच्यांना घेऊन जाताना

लंडनला घरचं कुणी येणार म्हटलं की आमच्याकडे दोन कामांची वाटणी आधी होते. येताना भाजणी कोण आणणार, आणि हॅरी पॉटरच्या स्टुडिओची तिकिटं कोण काढणार. दुसरं काम माझ्या गळ्यात पडलंय ते कायमचंच. आजवर चार वेळा जाऊन आले: एकदा भाच्यांबरोबर, एकदा मुलीच्या वाढदिवसाला, एकदा कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर आणि शेवटी सासू-सासऱ्यांना घेऊन. चारही वेळा काही ना काही चुकलंच. तुमचं चुकू नये म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवते.

नेमकं कुठे जायचंय?

हे सांगायची वेळ येते, कारण माणसं भलतीकडेच पोचतात. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात भिंतीत अर्धी घुसलेली एक सामानाची ट्रॉली आहे. गळ्यात मफलर अडकवून तिथे फोटो काढतात. ते फुकट आहे, शेजारी दुकान आहे, आणि तेवढंच आहे. स्टुडिओ तिथे नाही. अमेरिकेत ऑर्लँडोला हॅरी पॉटरचे पाळणे आणि घसरगाड्या आहेत, ते पार्क वेगळं. तोक्योतही 2023 पासून असाच एक स्टुडिओ सुरू झालाय. ऑनलाइन तिकीट काढताना वर शहराचं नाव लंडन आहे ना, हे एकदा बघून घ्या.

आपल्याला जायचंय ते लंडनच्या वायव्येला, वॉटफर्डजवळच्या लीव्हस्डन गावी. हॅरी पॉटर या जादूगार पोराचे आठही चित्रपट मुख्यतः इथेच चित्रित झाले. पहिला 2001 साली आला, शेवटचा 2011 साली. त्यानंतर सेट मोडून न टाकता 31 मार्च 2012 पासून ते लोकांना बघायला खुले केले. जागा मुळात विमानतळाची. दुसऱ्या महायुद्धात इथे मॉस्किटो नावाची लढाऊ विमानं बनायची, आणि ती बरीचशी लाकडाची असायची. पुढे हेलिकॉप्टरची इंजिनं बनली, मग कारखाना बंद पडला आणि रिकाम्या शेडमध्ये सिनेमावाले शिरले. त्यामुळे इमारत बाहेरून गोदामासारखी दिसते. बसमधून उतरल्यावर पोरांचं तोंड पडलं तर घाबरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इथे पाळणे नाहीत, कुठलीही राइड नाही, कुणी नटनटी भेटत नाही, चालू असलेलं शूटिंगही दिसत नाही. हा कारखाना आहे. सुतार, रंगारी, शिंपी, मूर्तिकार यांनी दहा वर्षं खपून जे केलं ते इथे मांडून ठेवलंय. घरच्यांना हे निघायच्या आधीच सांगा. माझा धाकटा भाचा ‘झाडूवर कधी बसायचं?’ हे तीन तास विचारत होता. चूक त्याची नव्हती, माझी होती.

तिकीट

दारावर तिकीट मिळत नाही. ऑनलाइन, तारीख आणि वेळ ठरवून, आधीच काढावं लागतं. सुट्टीचे दिवस असतील तर दोन-तीन महिने आधी. विमानाचं तिकीट हातात पडलं की दुसरं काम हेच करा, म्हणजे मग बाकीचं लंडन त्याभोवती बसवता येतं. उलट केलंत तर हवा तो दिवस मिळत नाही.

मोठ्या माणसाचं तिकीट 50 पौंडांच्या वर जातं. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना थोडं कमी. चार वर्षांपर्यंतची मुलं फुकट, पण त्यांचंही शून्य किमतीचं तिकीट त्याच वेळी काढायचं असतं. ते विसरून कडेवरचं बाळ घेऊन दारात उभे राहिलेले लोक मी पाहिलेत. दोन मोठे आणि दोन मुलं किंवा एक मोठा आणि तीन मुलं असं कुटुंबाचं एकत्र तिकीट मिळतं. काही झालं तरी चौघांना वीस हजार रुपयांच्या पुढेच पडतं. म्हणूनच म्हणते, नीट ठरवून जा.

आपल्या तारखेची तिकिटं संपली असतील तर लंडनहून बसने नेऊन आणणाऱ्या अधिकृत सहलींकडे कधीकधी शिल्लक असतात. महाग पडतं, पण जायचा-यायचा घोर नाही. म्हातारी माणसं बरोबर असली तर वाईट सौदा नाही. अनोळखी संकेतस्थळावर ‘शेवटची दोन तिकिटं’ दिसली तर मात्र मोहात पडू नका. मैत्रिणींच्या वेळी आम्ही पडलो. तिकिटं आली, वेळ दुपारी चारची निघाली आणि पैसे दीडपट गेले.

कोणता दिवस?

भारतातून येणाऱ्यांसाठी ही गोष्ट फायद्याची आहे. इथल्या शाळांना ईस्टरच्या सुमारास दोन आठवडे, मेच्या शेवटी एक आठवडा आणि जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबर लागेपर्यंत सुट्टी असते. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीतले पहिले तीन आठवडे इथली पोरं शाळेत असतात. तेव्हा मंगळवार-बुधवार गाठा, गर्दी बरीच कमी. दिवाळीच्या सुट्टीचं गणित उलटं. ऑक्टोबरच्या शेवटी इथेही आठवडाभर शाळा बंद असतात आणि दिवाळी नेमकी त्यात सापडली तर आपली आणि त्यांची दोन्ही गर्दी एकाच रांगेत.

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत सगळे सेट नाताळचे सजवतात आणि हॉगवर्ट्सच्या, म्हणजे गोष्टीतल्या जादूच्या शाळेच्या, किल्ल्याच्या नमुन्यावर बर्फ पाडतात. सुंदर दिसतं. पण पहिल्यांदाच जाणार असाल तर मी बिनबर्फाचा किल्ला सुचवेन, कारण बर्फाखाली दगडाचं काम झाकलं जातं. शिवाय डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो आणि सहलीचा एक तुकडा उघड्यावर आहे.

वेळ सकाळी दहा-अकराची घ्या. आत सरासरी साडेतीन तास लागतात, आपल्याला पाच लागतात. दुपारी तीननंतरची वेळ घेतलीत तर शेवटचा भाग पळत बघाल, आणि शेवटचाच भाग बघण्यासारखा आहे. त्यावर पुढे येतेच.

पोचायचं कसं

लंडनच्या युस्टन स्टेशनवरून वॉटफर्ड जंक्शन. जलद गाडीला वीस मिनिटांच्या आसपास लागतात. त्याच युस्टनहून ओव्हरग्राउंडची गाडीही वॉटफर्ड जंक्शनला जाते, पण ती प्रत्येक स्टेशन घेत पाऊण तासाच्या वर लावते. आपल्या भाषेत फास्ट आणि स्लो. मुंबईकरांना जास्त समजवायला नको.

आमची पहिली फजिती इथेच झाली. वॉटफर्ड नावाचं आणखी एक स्टेशन आहे, लंडनच्या भुयारी रेल्वेच्या मेट्रोपॉलिटन लाइनवर. नकाशावर नुसतं ‘वॉटफर्ड’ वाचून आम्ही तिथे उतरलो. स्टुडिओची बस तिथून सुटत नाही. शांत गल्ली, दोन्ही बाजूंना बंगले, हातात दोन भाचे आणि घड्याळात वीस मिनिटं. टॅक्सी करावी लागली. तेव्हा ‘जंक्शन’ हा शब्द लक्षात ठेवा.

वॉटफर्ड जंक्शनपर्यंत ऑयस्टर (लंडनमधल्या प्रवासाचं, पैसे भरून ठेवायचं कार्ड) किंवा टॅप करायचं बँकेचं कार्ड चालतं. एका कार्डावर एकच माणूस, आणि आत शिरताना जे टेकवलं तेच बाहेर पडताना टेकवायचं. कार्ड आणि तेच कार्ड भरलेला फोन ही यंत्राच्या दृष्टीने दोन वेगळी माणसं आहेत. जाताना एक, येताना दुसरं केलंत की दोन्हींवर दंडाचं भाडं कापलं जातं. युस्टनवर फलाटाचा आकडा गाडी सुटायच्या जेमतेम आधी लागतो आणि मग सगळं स्टेशन एकदम धावतं. आजी-आजोबांना फलाटांच्या दाराजवळच्या बाकावर आधीच बसवून ठेवा.

जंक्शनच्या बाहेर पडलं की स्टुडिओची चित्रं रंगवलेली बस उभी असते. तिकीट दाखवायचं आणि बसायचं. पंधरा मिनिटांत लीव्हस्डन. तिकिटावरच्या वेळेआधी अर्धा तास तरी दारात असावं. म्हणजे अकराची वेळ असेल तर युस्टनला साडेनऊ. गाडी असेल तर सरळ तिथेच न्या, पार्किंगला पैसे नाहीत.

निघण्यापूर्वी घरी

आठही चित्रपट मिळून साडेएकोणीस तासांच्या वर होतात, तेवढी उजळणी नको. पण पहिला चित्रपट आठवडाभर आधी सगळ्यांनी एकत्र बसून बघा. इतकंच पुरतं. ज्यांना इंग्रजी संवाद झेपत नाहीत त्यांच्यासाठी पहिल्या पुस्तकाचा मराठी अनुवाद आहे, ‘हॅरी पॉटर आणि परीस’. फिलॉसॉफर्स स्टोनला ‘परीस’ हा शब्द इतका चपखल बसलाय की तेवढ्यासाठी पुस्तक हातात घ्यावं. माझ्या सासूबाईंनी विमानात ते वाचून काढलं आणि स्टुडिओत त्या माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त जाणकार ठरल्या.

पायात सपाट, मऊ बूट. आत एका गल्लीत खडबडीत फरसबंदी आहे, उंच टाचेचं काही घालून गेलात तर हाल होतात. ढकलखुर्चीलाही तिथे धक्के बसतात. ज्यांना फार उभं राहवत नाही त्यांच्यासाठी चाकांची खुर्ची तिथे मागता येते, पण मोजक्याच असतात, म्हणून पोचल्या पोचल्या विचारायचं. ‘मी काय म्हातारा झालोय का?’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. एक पातळ रेनकोट बरोबर असू द्या, छत्री नको.

आत शिरल्यावर

लॉबीत डोक्यावर एक अजस्र ड्रॅगन टांगलेला आहे. सगळे त्याच्याखाली फोटो काढत थांबतात. तुम्ही आधी स्वच्छतागृहात जाऊन या, मुलं ‘आत्ता नाही आली’ म्हणाली तरी त्यांना न्या. कारण पुढचं स्वच्छतागृह सहल अर्धी झाल्यावर येतं, आणि वाट एकदिशा आहे.

मुलांसाठी दारातच एक छोटा पासपोर्ट मिळतो, फुकट. आत जागोजागी ठसे उमटवायची यंत्रं आहेत, त्यात पान सरकवून दांडा दाबायचा की कागदावर उठावाचा शिक्का उमटतो. सोनेरी स्निच, म्हणजे गोष्टीतल्या खेळातले पंखवाले चेंडू, कुठे कुठे लपवलेत ते शोधायचाही खेळ त्यात आहे. दिला नाही तर मागून घ्या. माझ्या मुलीने राइड नाही म्हणून एकदाही तक्रार केली नाही ती या शिक्क्यांमुळेच.

रांगेतच जिन्याखालची ती खोली दिसते, जिच्यात हॅरी झोपायचा. मग एका चित्रपटगृहात बसवून छोटी फिल्म दाखवतात. फोटो इथे बंद, नंतर जवळजवळ सगळीकडे चालतात. फिल्म संपते, पडदा वर जातो आणि मागे ग्रेट हॉलचं, म्हणजे शाळेच्या भोजनगृहाचं, दार उभं असतं. त्या दिवशी कुणाचा वाढदिवस असेल तर कर्मचाऱ्यांना आधी सांगून ठेवा. दार ढकलायला वाढदिवसवाल्यांना पुढे बोलावतात. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची झाली होती. ती दार ढकलत होती आणि मी फोन शोधत होते.

ग्रेट हॉल 120 फूट लांब आणि 40 फूट रुंद आहे. खालची फरशी खरी दगडाची आहे, यॉर्कशायरची. मुलांची फौज दहा वर्षं धावणार म्हणून रंगवलेल्या लाकडाऐवजी दगड घातला. आता वर बघा. छत नाहीच! चित्रपटात तिथे आभाळ आणि तरंगत्या मेणबत्त्या दिसतात, ते सगळं नंतर चढवलेलं. पहिल्या चित्रपटाच्या वेळी मेणबत्त्या खरोखर तारांना टांगल्या होत्या. ज्योतीच्या धगीने तारा तुटून मेणबत्त्या खाली टपकायला लागल्या, तेव्हा तो नाद सोडला आणि काम संगणकाकडे गेलं. ही गोष्ट मुलांना तिथे उभं राहून सांगा, वर बघत.

इथे फार रेंगाळू नका, एवढंच माझं मागणं. पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. नवखी माणसं पहिल्या तासात प्रत्येक टोपीचा फोटो काढतात आणि चौथ्या तासाला बाक शोधत फिरतात. पायांतली शक्ती मागच्या भागासाठी राखायची.

पहिलं मोठं दालन

इथे एकाच छताखाली शयनगृह, मुख्याध्यापक डंबलडोरची खोली, औषधांचा वर्ग, शाळेचा धिप्पाड रखवालदार हॅग्रिडची झोपडी, हॅरीच्या मित्राचं म्हणजे वीझलींचं घर असं सगळं शेजारी शेजारी आहे. पाट्या इंग्रजीत आणि बारीक अक्षरात. ऑडिओ गाइडला वेगळे पैसे पडतात आणि त्यात मराठी नाही. त्याऐवजी घरातल्या एकाने आधी वाचून जावं आणि सांगावं. सांगण्यासारखं काय आहे त्यातलं थोडं देते.

शयनगृहातले पलंग अकरा वर्षांच्या पोरांच्या मापाने केले होते. पोरं दहा वर्षं वाढत गेली, पलंग तेवढेच राहिले. पुढच्या चित्रपटांत ती पाय पोटाशी घेऊन झोपायची. डंबलडोरच्या खोलीत भिंतभर जी जाडजूड ग्रंथसंपदा दिसते, ती म्हणजे जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या, वरून चामड्याची बांधणी. औषधांच्या वर्गातल्या बरण्यांत खाटकाकडून आणलेली आणि भट्टीत भाजलेली हाडं आहेत, वाळका पाला आहे. बरणी क्षणभर दिसणार, तरी प्रत्येकीवर हाताने लिहिलेली चिठ्ठी.

हॅग्रिड अवाढव्य दिसावा म्हणून त्याच्या झोपडीचे दोन सेट होते. एकात सगळं छोटं, म्हणजे आतला माणूस मोठा वाटतो. दुसरा मोठा, म्हणजे मुलं चिमुकली वाटतात. लांबून दिसणारा हॅग्रिड पुष्कळदा ते काम करणारे नट रॉबी कोल्ट्रेन नसायचेच. मार्टिन बेफील्ड हा इंग्लंडचा माजी रग्बी खेळाडू कोल्ट्रेनच्या चेहऱ्याचं यांत्रिक डोकं घालून चालायचा.

वीझलींच्या घरापाशी हात फिरवला की सुया आपोआप विणायला लागतात, सुरी भाजी चिरते, इस्त्री फिरते. सासूबाई इथून हलेनात. विणकामाचे टाके नीट आहेत की नुसतेच हलतायत, हे त्यांना बघायचं होतं. ‘पॉटरचं मला माहीत नाही, पण हे घर आपल्यातलं आहे,’ असा निकाल त्यांनी दिला. एकाला एक नसलेली भांडी, कुणाचे तरी उतरलेले कपडे, चुलीभोवती सगळा संसार.

झाडूवर बसवून हिरव्या पडद्यापुढे व्हिडिओ काढतात, तो याच सुमाराला. बघायला फुकट, फोटो-व्हिडिओ घ्यायचे तर वेगळे पैसे, आणि थोडेथोडके नाहीत. किती खर्च करायचा ते रांगेत उभं राहण्याआधी ठरवा. पडद्यावर पोरगं उडताना दिसल्यावर नाही म्हणवत नाही.

मग जंगल लागतं. अंधार, धूर, आणि वरून उतरणारे राक्षसी कोळी. लहान मुलं किंचाळतात, क्वचित मोठीही. दारावरच्या कर्मचाऱ्याला सांगितलं तर जंगल चुकवून नेतात. पुढे बँकेत ड्रॅगनचा प्रसंग आहे, तिथेही तसंच.

आगगाडी

प्लॅटफॉर्म पावणेदहावर लाल इंजिन उभं आहे, वाफ सोडत. नकली नाही. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या हॉल वर्गातलं, 5972 क्रमांकाचं, मूळ नाव ‘ऑल्टन हॉल’. 1937 साली स्विंडनच्या कारखान्यात बनलेलं. सिनेमासाठी त्याला लाल रंग दिला आणि नाव बदललं.

हे मला ठाऊक आहे ते सासऱ्यांमुळे. बाबांची सगळी नोकरी परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये गेली. तोवर ते सौजन्याने प्रत्येक गोष्टीला ‘छान’ म्हणत होते. इंजिन दिसलं आणि चष्मा पुसला. पुढची चार चाकं, मग मोठी सहा, मागे काही नाही, हे बोटांनी मोजलं. ‘फोर-सिक्स-झिरो,’ म्हणाले, आणि वाकून जोडदांड्याकडे बघत राहिले. वंगणाच्या डबीवर बोट फिरवायला हात पुढे गेला, मग कर्मचाऱ्याकडे बघून मागे घेतला. आम्ही तिथे पाऊण तास काढला. तुमच्या घरातलं असं कुणी असेल तर त्याला त्याच्या जागी सोडा आणि बाकीचे डब्यात जाऊन बसा. डब्यात शिरता येतं.

मधली सुट्टी

इंजिनानंतर उपाहारगृह आणि मोकळं अंगण येतं. इथे बसून घ्या, पाय वर करून. शाकाहारी काही ना काही मिळतं, पण चव बेताची आणि भाव चढा. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात नेतो आणि अंगणातल्या बाकावर बसून खातो. आजूबाजूला सँडविच खाणारी इतर कुटुंबंही असतातच, त्यामुळे अवघडायचं कारण नाही.

बटरबीअर इथेच मिळते. ‘बीअर’ ऐकून घरातले दोन गट लगेच पडतात. दोघांनाही सांगा की तीत मद्याचा थेंब नाही. क्रीम सोड्यावर बटरस्कॉचचा फेस, असं समजा. दात शिवशिवतील इतकी गोड. दोघांत एक पुरते. पेल्यासकट घेतली तर पेला घरी नेता येतो, आमच्याकडे त्यात टूथब्रश आहेत.

अंगणात हॅरीच्या मावशीचं, प्रिव्हेट ड्राइव्हवरचं चार नंबरचं घर आहे आणि तीन मजली जांभळी नाइट बस. लंडनच्या खऱ्या दुमजली बसचे तुकडे जोडून ती केली, उंची 22 फूट. फोटोसाठी ही जागा सगळ्यात मोकळी.

आता सावकाश

इथून पुढे गर्दी विरते, कारण अर्धे लोक दमलेले असतात. तुम्ही पाय राखले असतील तर खरी मजा आता आहे.

आधी प्राण्यांचं आणि मुखवट्यांचं दालन. तिथली पिशाच्चासारखी डोकी जवळून बघा: भुवईचा एकेक केस हाताने रोवलेला. मग जादूगारांची ग्रिंगॉट्स बँक, संगमरवरी खांबांची. संगमरवर कुठला, सगळी रंगाऱ्याची करामत. नाक लावून बघितलं तरी शिरा खऱ्याच वाटतात. शेवटच्या दोन चित्रपटांसाठी 2,10,000 नाणी पाडली होती.

तिथून डायगन अॅली, जादूगारांच्या बाजाराची तीच फरसबंदीची वाकडी गल्ली. जादूच्या छड्यांच्या दुकानाच्या काचेतून आत बघा. सेटसाठी 17,000 खोकी केली होती, प्रत्येकावर वेगळी चिठ्ठी. वाण्याच्या दुकानात मागच्या फळीवरच्या डब्याकडे कोण बघतं? इथे तोही डबा केलाय. याच्यापुढच्या खोलीत पुठ्ठ्याचे पांढरे नमुने आहेत. लोक तिथून सरळ चालत जातात, मला मात्र ती खोली फार आवडते. किल्ला, पूल, झोपडी, सगळं आधी पांढऱ्या कागदाचं, ब्लेडने कापलेलं. चित्रकला शिकणारं कुणी घरात असेल तर त्याला इथे थांबवा.

आणि मग कोपरा वळलात की हॉगवर्ट्स.

संपूर्ण किल्ला, एकास चोवीस या प्रमाणात, घराएवढा. पहिल्या चित्रपटासाठी 86 कारागिरांनी बांधला, लांबून दिसणारा किल्ला म्हणजे हाच. खिडक्या-कंदिलांत 2,500 बारीक दिवे आहेत. रॅम्प त्याच्याभोवती उतरत जातो, म्हणजे आधी कळस दिसतात आणि शेवटी पायथा. दालनातला उजेड हळूहळू संध्याकाळचा होतो, निळा पडतो, खिडक्या एकेक करत पेटतात आणि परत दिवस उगवतो. निदान एक दिवस आणि एक रात्र उभं राहून बघा. सासूबाई रॅम्पवरच्या कठड्याला टेकून तीन रात्री उभ्या होत्या. वाडा सोडताना आम्ही असाच कंदील लावून ठेवला होता म्हणाल्या, आणि कुठला वाडा ते मला आजवर नीट सांगितलेलं नाही.

दुकान

बाहेरची वाट दुकानातूनच आहे. छडी 30 पौंडांच्या पुढे, झगा त्याच्या दुपटीहून जास्त. मुलांना सकाळीच रक्कम सांगून टाका आणि ती त्यांच्या हातात द्या. आपल्या पैशांनी घ्यायचं असलं की आठ वर्षांची मुलगीसुद्धा किमती वाचते. परदेशी पाहुण्यांना कर परत मिळायची जुनी सोय ब्रिटनमध्ये 2021 पासून बंद आहे, त्यामुळे ‘विमानतळावर परत घेऊ’ असं मनात धरून काही घेऊ नका. छड्या परत जाताना मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या नको. सुरक्षा तपासणीच्या रांगेत ‘ही काय वस्तू आहे?’ याचं उत्तर कुणालाच धड देता येत नाही.

परत निघताना

बस बाहेरच मिळते, थोडी रांग असते. बसायच्या आधी पुन्हा एकदा स्वच्छतागृह, कारण वॉटफर्ड जंक्शनला पोचेपर्यंत सगळ्यांना एकदम आठवतं. जंक्शनवर युस्टन लिहिलेली जी पहिली गाडी दिसेल तिच्यात चढू नका, ती ओव्हरग्राउंडची स्लो असू शकते. पाटीवर थांबे मोजा आणि फास्ट धरा. आम्ही त्या दिवशी स्लोच धरली, कारण बाबांना खिडकी मिळाली होती आणि त्यांना प्रत्येक स्टेशनावरचे सांधे बघायचे होते.